पंचाहत्तर रुपये, वीस वर्षे

डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा इतिहास लिहायला बसले की लेखणी आपोआप माणसांकडे वळते. विष्णुशास्त्री, टिळक, आगरकर, गोखले, अण्णा कर्वे, रँग्लर परांजपे ही माणसे इतकी मोठी की त्यांच्यामागे संस्थेचा कारभार झाकला जातो. त्यांची चरित्रे पुष्कळ झाली. या लेखात कारभाराकडे पाहायचे आहे. संस्था कुणाच्या हाती असावी, निर्णय कुणी घ्यावेत, शिकवणाऱ्याने किती पगारात भागवावे, बाहेरची कामे करावीत की करू नयेत आणि सहकाऱ्यांचे आपसांत पटेनासे झाले तर पुढे काय, हे ते प्रश्न. त्यांची उत्तरे सोसायटीने आरंभीच ठरवून टाकली. त्या उत्तरांनी ती उभी राहिली आणि एकदा त्यांच्याच पायी मोडायलाही आली होती.

१८८० साल उजाडले तेव्हा पुण्यात इंग्रजी शिक्षण म्हणजे मुख्यतः सरकारी हायस्कूल किंवा मिशनऱ्यांची शाळा. भाव्यांच्या शाळेसारख्या खासगी शाळा निघू लागल्या होत्या, पण सुशिक्षित तरुणाने सरकारी नोकरी सोडून शाळामास्तर व्हावे, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. ‘निबंधमाले’चे कर्ते विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी रत्नागिरीची सरकारी हायस्कुलातली नोकरी सोडली आणि २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. शास्त्रीबुवा तेव्हा तिशीच्या आत होते. सोबत होते तेवीस वर्षांचे टिळक आणि खटपटे माधवराव नामजोशी. एम.ए. होताच आगरकर येऊन मिळाले. बुधवारात मोरोबादादांच्या वाड्यात वर्ग भरू लागले.

या मंडळींत वामन शिवराम आपटे यांचे नाव मागे पडते, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे. संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते म्हणून आपटे जगाला माहीत आहेत. शाळेचे सुपरिंटेंडेंट म्हणून त्यांनी जे केले ते मात्र शाळेच्या आवारातच राहिले. शास्त्रीबुवांनी शाळेला ध्येय दिले, टिळक-आगरकरांनी तेज दिले, नामजोशींनी पैसा आणि ओळखी आणल्या. पण वेळापत्रक, हजेरी, परीक्षा, शिक्षकांचे वाटप आणि विद्यार्थ्यांची शिस्त हा रोजचा गाडा आपट्यांनी हाकला. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती या नव्या शाळेची मुले पटकावू लागली. पालकांचा शाळेवर विश्वास बसला तो या निकालांमुळे. देशभक्तीच्या भाषणांवर भाळून पुण्याच्या गृहस्थाने आपला मुलगा सरकारी हायस्कुलातून काढून आणला नसता.

त्या व्यवस्थेची कसोटी १८८२ साली लागली. मार्चच्या १७ तारखेला विष्णुशास्त्री वारले. जुलैमध्ये कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे याच मंडळींनी आदल्या वर्षी काढलेली. संस्थानच्या कारभारावर लिहिलेल्या मजकुराची ती शिक्षा होती. म्हणजे अडीच वर्षांच्या शाळेने एकाच वर्षात संस्थापक गमावला आणि दोन खांब डोंगरीच्या तुरुंगात गेले. तरी शाळा एक दिवसही डगमगली नाही. त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाची मंडळी पुण्यात आली, तेव्हा या खासगी शाळेचे त्यांनी कौतुक केले. आयोगापुढे आपट्यांनीच साक्ष दिली. टिळक-आगरकर सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले, आणि ते परत वर्गावर गेले.

शाळा चालली, आता कॉलेज काढायचे ठरले. शाळा चार मित्रांच्या हिमतीवर चालते. कॉलेजाला इमारत हवी, विद्यापीठाची मान्यता हवी, देणगीदार हवेत, आणि देणगीदाराला हवी असते कायदेशीर संस्था. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी गद्रेवाड्यात सर विल्यम वेडरबर्न यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. पुढच्या वर्षी १८६० च्या कायद्याखाली तिची नोंदणी झाली. २ जानेवारी १८८५ रोजी एल्फिन्स्टनचे प्राचार्य वर्डस्वर्थ यांच्या हस्ते कॉलेज उघडले. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव कॉलेजाला दिले. त्यांनी स्वतः १२०० रुपये दिले होते. सरकारशी भांडणाऱ्या तरुणांनी कॉलेजाला गव्हर्नरचे नाव द्यावे याचा पुढे अनेकांना अचंबा वाटला. मला त्यात नामजोशींचा हात दिसतो. संस्थानिकांच्या आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या दारात कुठली गोष्ट चालते हे त्यांना अचूक कळे, आणि दक्षिणेतल्या संस्थानांकडून देणग्या मिळवण्याचे बरेचसे श्रेय त्यांच्या खटपटीला जाते.

पण सोसायटीचे खरे नावीन्य होते तिच्या नियमांत. कारभाराची दोन अंगे केली. एक कौन्सिल: त्यात देणगीदार, न्यायाधीश, विद्वान, प्रतिष्ठित. दुसरे आजीव सभासदांचे, म्हणजे सोसायटीतल्या बोलीत ‘लाइफ मेंबरां’चे, मंडळ. शाळा आणि कॉलेजात शिकवणारी ही मंडळी. अंतर्गत कारभार त्यांच्या हाती. कुणाला कुठला वर्ग, कुणाला रजा, नवा माणूस घ्यायचा की नाही, हे सगळे त्यांनीच बसून बहुमताने ठरवायचे. आजीव सभासदाने वीस वर्षे सेवेची हमी द्यायची. वेतन सगळ्यांना जवळजवळ सारखे: सुरुवातीला तर अगदी थोडके, पुढे ते ७५ रुपयांवर आले. सरकारी कॉलेजातल्या प्राध्यापकाला याच्या अनेक पट मिळे. सोसायटीने प्रत्येकाचा आयुर्विमा उतरवायचा असेही ठरले. ज्या काळात विमा हा शब्द मध्यमवर्गाच्या घरात क्वचितच ऐकू येई त्या काळातली ही गोष्ट. त्याग करायला सांगताना मागे राहणाऱ्या बायकापोरांचा विचार या तरुणांनी केला होता, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. जेझुइट पंथाच्या संघटनेचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांपुढे होते, असे पुढे टिळकांनीच लिहून ठेवले आहे.

नोकरदार शिक्षक आणि मालक व्यवस्थापक अशी फाळणी येथे नव्हती. शिकवणारा तोच मालक, आणि मालकाला नफा शून्य. आज व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात भागधारक, संचालक आणि कर्मचारी यांचे हितसंबंध कसे जुळवावेत यावर मोठी चर्चा चालते. पुण्याच्या पंचविशीतल्या सात-आठ तरुणांनी तो प्रश्न एका फटक्यात निकालात काढला, तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या अंगावर टाकून. अर्थात अशी जोखीम तेच घेऊ शकतात ज्यांचा एकमेकांवर भाबडा म्हणावा इतका विश्वास असतो.

तो विश्वास सहा वर्षे टिकला.

१८९० सालच्या फुटीबद्दल महाराष्ट्रात इतके लिहिले गेले आहे की प्रत्येक जण आपापला पक्ष ठरवूनच वाचायला बसतो. टिळकांचा पक्ष, आगरकरांचा पक्ष. राजकीय की सामाजिक. आधी स्वातंत्र्य की आधी सुधारणा. हे मतभेद होतेच. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला तो त्याच कारणाने. पण सोसायटीच्या आत जो वाद पेटला त्याचे विषय पाहिले तर ते कारभाराचे आहेत. वेतनात वाढ करावी का? घरच्या अडचणीत असलेल्याला वेगळी सवलत द्यावी का? १८८८ साली इंदूरच्या शिवाजीराव होळकरांकडून आलेली रक्कम ज्यांच्या नावाने आली त्यांची की सोसायटीची? पाठ्यपुस्तकांची मिळकत कुणाची? आणि शेवटी, आजीव सभासदाने बाहेरचे काम अंगावर घ्यावे का?

टिळकांचे म्हणणे एकसंध होते. सगळ्यांनी सारखे घ्यायचे आणि सगळे द्यायचे, या पायावर संस्था उभी आहे. एकाने पुस्तके लिहून जास्त मिळवले, दुसऱ्याने सार्वजनिक सभेच्या कामात वेळ घातला, तर सारखेपणा संपला. मग ७५ रुपयांत राहणारा मूर्ख ठरतो. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, तेव्हा टिळकांच्या दृष्टीने ती शेवटची काडी होती. १४ ऑक्टोबरला त्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात त्याची कारणे सांगणारे लांबलचक निवेदन सादर केले. अकरा वर्षांचा सगळा हिशेब त्यात आहे. संस्था चालवू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी वाचावे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही पोकळ नव्हते. आगरकर दम्याने खंगलेले, घरी खाणारी तोंडे, मिळकत ती तेवढीच. टिळकांच्या घरची स्थिती त्यामानाने बरी होती. कागदावर वेतन सारखे असले तरी प्रत्येक घरात त्याची किंमत वेगळी होती. आणि बाहेरचे काम म्हणायचे तर वृत्तपत्र चालवणे हे काय होते? पुण्यातल्या सगळ्या सार्वजनिक हालचालींच्या मध्यभागी असलेल्या माणसांना वर्गाच्या चार भिंतींत कोंडून घेणे शक्य होते का? मंडळात मतदान होई, आणि टिळक अल्पमतात पडत गेले.

नियम म्हणून टिळकांचे बरोबर होते, असे मला वाटते. सारखेपणाच्या पायावर उभ्या असलेल्या संस्थेत अपवाद वाढू लागले की पाया ढासळतो, हे त्यांनी अचूक हेरले होते. पण त्यांच्या मताप्रमाणे नियम कडक राखला असता तर पुढच्या पंचवीस वर्षांत सोसायटीने महाराष्ट्राला जे दिले त्यातले निम्मे झाले नसते. हे लवकरच दिसून आले.

टिळक गेले, पण सोसायटी मोडली नाही. ज्याच्या नावाने संस्था ओळखली जात होती तोच बाहेर पडला. दोन वर्षांत, १८९२ च्या ऑगस्टात, प्राचार्य आपटे वारले. वय अवघे चौतीस. त्यांच्या जागी आगरकर आले. १८९५ च्या जूनमध्ये तेही गेले, चाळिशीही गाठली नाही. त्याच वर्षी इंग्रजीचे वासुदेव बाळकृष्ण केळकर गेले. पहिल्या पिढीची जवळजवळ सगळी फळी पाच वर्षांत संपली. अशा वेळी बहुतेक संस्था वारसांच्या किंवा देणगीदारांच्या हाती जातात आणि दुसऱ्याच कुठल्या तरी होतात. येथे प्राचार्यपद महादेव शिवराम गोळे यांच्याकडे आले, ते आरंभीच्या आजीव सभासदांपैकीच. मंडळ होते, नियम होते, सभेचे टिपण होते. माणसे गेली तरी खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत.

या काळात सोसायटीचा व्यवहार सांभाळला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. गोखले १८८५ साली विशीच्या आतच न्यू इंग्लिश स्कुलात रुजू झाले होते. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, ज्या वर्गाला माणूस नसेल तो वर्ग त्यांनी घेतला. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक तर शाळाशाळांत पोचले. सचिव झाल्यावर त्यांनी सुट्या वर्गणीच्या फेऱ्यांत घालवल्या. पाच-दहा रुपयांच्या वर्गणीसाठीही ते गावोगाव हिंडले. शहराबाहेर भांबुर्ड्याच्या बाजूला टेकडीच्या पायथ्याशी कॉलेजाची स्वतःची इमारत उभी राहिली आणि १८९५ साली कॉलेज तेथे गेले. आज मुख्य इमारतीपुढून जाताना मी या फेऱ्यांचा विचार करतो. व्हाइसरॉयच्या कौन्सिलातल्या गोखल्यांच्या भाषणांची तयारी या फेऱ्यांत झाली असावी, असे माझे मत आहे: आकडे तोंडपाठ, दुसऱ्याचे म्हणणे ऐकण्याची सवय, आणि नकार मिळाला तरी न रागावता पुन्हा जाण्याची चिकाटी.

टिळकांची गणिताची जागा रिकामी होती. गोखल्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजातले आपले सहाध्यायी धोंडो केशव (अण्णा) कर्वे यांना मुंबईहून बोलावले. नोव्हेंबर १८९१ मध्ये कर्वे फर्ग्युसनात आले, पुढच्या वर्षी आजीव सभासद झाले आणि १९१४ पर्यंत राहिले. १८९३ साली त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केले. त्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला, पुण्यात कुजबुज झाली. कौन्सिलात सनातनी देणगीदार असतील, नसतील. कर्व्यांची जागा हलली नाही. ते कुणा मालकाचे नोकर नव्हते, मंडळातले बरोबरीचे सभासद होते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, आणि हिंगण्याला झोपडी उभी राहिल्यावर दिवसा फर्ग्युसनात गणित आणि मग पायी हिंगणे असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे चालला. बाहेरच्या कामाला बंदी असती तर हिंगण्याचा आश्रम निघाला नसता. गोखले कायदे कौन्सिलात गेले नसते, १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेला गेले नसते. ज्या सैलपणावर टिळकांनी बोट ठेवले होते त्याच सैलपणाच्या आधाराने ही कामे उभी राहिली. यातला कोणता पक्ष खरा हे सांगण्याच्या फंदात मी पडणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच नियमातून निघाल्या, एवढे पुरे.

आणि या नियमाने पुणे सोडले. गोखल्यांनी १९०२ साली अध्यापन सोडले आणि १२ जून १९०५ रोजी कॉलेजाच्या शेजारीच भारत सेवक समाज स्थापन केला. आजीवन सेवा, अल्प वेतन, स्वतःसाठी पैसा न मिळवणे ही सगळी सोसायटीतली शिकवण. पण एक मोठा फरक त्यांनी केला. सोसायटीत सगळे सारखे होते आणि त्यातून काय झाले हे गोखल्यांनी जवळून पाहिले होते. भारत सेवक समाजात त्यांनी ‘प्रथम सभासद’ हे पद ठेवले आणि त्याच्या हाती पुष्कळ अधिकार दिले. नव्या माणसाने पाच वर्षे उमेदवारी करायची, सात प्रतिज्ञा घ्यायच्या. १९१५ साली गोखले गेल्यावर श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले. त्याच सुमारास गांधीजींना सभासद करून घ्यायचे की नाही, असा प्रश्न आला, आणि विचार जुळत नाहीत हे पाहून गांधीजींनीच माघार घेतली. नेत्याभोवती बांधलेली संस्था तो नेता गेल्यावर नव्या विचाराच्या माणसाला जागा करून देऊ शकली नाही, असे मला या घटनेत दिसते. सोसायटीने मात्र टिळक गेल्यावर वर्षभरात त्यांच्या जागी कर्व्यांना आणून बसवले होते.

कर्व्यांनी १९०८ साली निष्काम कर्म मठ काढला तो आश्रमासाठी आयुष्य देणारी माणसे मिळावीत म्हणून. आपले जीवन मठाचे, मठ देईल त्यात समाधान, अशी त्याची शपथ होती. गंमत अशी की टिळकांचा कडक नियम त्याच्या सर्वांत कडक रूपात अमलात आणला तो सोसायटीच्या सैल बाजूचा लाभ घेतलेल्या कर्व्यांनी. बायका, विधवा आणि त्यांच्यासाठी दारोदार झोळी घेऊन हिंडणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांच्यासारख्या कार्यकर्त्या, यांच्या संस्थेला तो चालला. बायकांच्या आश्रमाकडे समाज संशयाने पाहत होता, तेव्हा तिथल्या माणसांचे वैयक्तिक काहीही नाही हे दाखवणे गरजेचेच होते.

रयत शिक्षण संस्थेत तोच धागा तिसऱ्या रूपात दिसतो. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे ती स्थापन केली. किर्लोस्करांच्या आणि कूपरच्या कारखान्यात काम केलेल्या भाऊरावांना खेडी पायाखालची होती. त्यांचे विद्यार्थी शेतकऱ्यांचे, दलितांचे, कष्टकऱ्यांचे. त्यांच्यापाशी फी नव्हती. म्हणून वसतिगृह आधी आणि शाळा नंतर, आणि विद्यार्थी स्वतः राबून शिकणारे. तिथेही आजीव सेवक आले, पण पुण्याच्या आजीव सभासदाने सोडलेली गोष्ट होती सरकारी पगार. रयतेचा आजीव सेवक बहुतेक वेळा त्याच वसतिगृहात वाढलेला. त्याच्यासाठी सेवा म्हणजे घरच्यांचे ऋण. एकच नियम वेगळ्या मातीत लावला की त्याचा अर्थ कसा पालटतो, हे या दोन संस्था शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कळते.

पुन्हा पुण्याकडे. १९०२ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. १८९९ साली ते केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले होते. सरकारी शिक्षण खात्यात कुठलीही जागा त्यांना मिळाली असती. ते सोसायटीत आले, थोडक्या वेतनावर, आणि १९२४ पर्यंत प्राचार्य राहिले. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा हा मुलगा अण्णा कर्व्यांच्या देखरेखीखाली वाढलेला, त्याअर्थी सोसायटीतच वाढलेला. बावीस वर्षे एकच प्राचार्य असण्याचा लाभ कॉलेजाला झाला. वसतिगृहे, प्रयोगशाळा आणि विज्ञानाचे वर्ग यांची वाढ या काळातली.

याच काळात एक प्रसंग घडला त्याचा उल्लेख टाळून चालणार नाही. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्यात पुढाकार घेणाऱ्या विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढले. ‘केसरी’ने प्राचार्यांवर टीकेची झोड उठवली. परांजपे राजकारणात मवाळ होते हे एक कारण. पण सरकारी अनुदान आणि विद्यापीठाची मान्यता ही दुसरी बाजूही होती. शाळा काढताना १८८० सालच्या तरुणांनी सरकारी अनुदानाची पर्वा केली नव्हती. पंचवीस वर्षांनी इमारती होत्या, शेकडो विद्यार्थी होते, आणि संस्था जेवढी मोठी तेवढे तिला गमावण्यासारखे अधिक. प्राचार्यांनी शिक्षा केली ती चूकच, असे आज आपण मानतो, आणि त्याच वसतिगृहातली सावरकरांची खोली सोसायटीने आदराने जपली आहे.

सोसायटी पुण्याबाहेरही गेली. १८९९ साली साताऱ्याला न्यू इंग्लिश स्कूल आले, आणि पुण्यात त्याच वर्षी नवीन मराठी शाळा. १९१९ साली सांगलीला विलिंग्डन कॉलेज निघाले. नव्या गावी कॉलेज काढायचे तर प्राचार्य कुठून आणायचा, हा प्रश्न सोसायटीला पडला नाही. फर्ग्युसनचे गोविंद चिमणाजी भाटे तिकडे गेले. आजीव सभासदाला पुणे, सातारा, सांगली कुठेही पाठवता येई, आज शाळेत तर उद्या कॉलेजात. या बदल्यांनी काही कुटुंबांची ओढाताण झाली असणार. पण त्यामुळे सांगलीचे कॉलेज पहिल्या दिवसापासून अनुभवी हातांत होते. १९४३ साली पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय आणि १९५४ साली दादरला कीर्ती महाविद्यालय हे त्यापुढचे टप्पे.

स्वातंत्र्यानंतर आजीव सभासदत्वाच्या अर्थकारणाला वेगळेच वळण लागले. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले, पुढे विद्यापीठ अनुदान आयोग आला, शिक्षकांचे पगार सरकारी श्रेणीने मिळू लागले. ही चांगली गोष्ट होती. शिक्षकाने उपाशी राहून देशाची पोरे शिकवावीत, असे म्हणण्याचा कुणालाच हक्क नाही, आणि आगरकरांच्या घरची ओढाताण आठवली की तर नाहीच. पण ७५ रुपयांचा नियम होता तेव्हा आजीव सभासदाला कारभाराचा अधिकार कशामुळे आहे, हे विचारायची गरज नव्हती. तो अधिकार त्याने सोडलेल्या पगारातून आलेला होता. पगार सरकारच्या तिजोरीतून येऊ लागल्यावर नेमणुका, बदल्या, सेवाशर्ती यांचे निर्णयही हळूहळू सरकारकडे आणि विद्यापीठाकडे गेले. वर्गात शिकवून संध्याकाळी बांधकामाच्या निविदा पाहणारा, रजेचे अर्ज निकालात काढणारा शिक्षक हा सोसायटीचा खास माणूस. त्याच्या वाट्याचे काम आता निम्मे कायद्यात गेले आणि निम्मे कार्यालयात.

२०२३ साली सोसायटीचे स्वतःचे डीईएस पुणे विद्यापीठ सुरू झाले. स्वतःचे नियम स्वतः करण्याची संधी १८८४ नंतर पुन्हा एकदा आली आहे. १८८४ साली ज्यांनी नियम केले ते सगळे वर्गात शिकवणारे होते. नव्या विद्यापीठाच्या मंडळांवर शिक्षकांच्या खुर्च्या किती असाव्यात, त्यांच्या मताला किती वजन असावे आणि बाहेरच्या कामाला मोकळीक कुठवर असावी, याची चर्चा होईल तेव्हा टिळकांचे १८९० सालचे निवेदन आणि कर्व्यांचे १८९६ सालचे काम, दोन्ही डोळ्यांपुढे असावीत.